रेशन, अंगणवाडी आणि शाळेचे जेवण: अन्नसुरक्षेचा कायदा गावात कसा राबवून घ्यावा

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ मध्ये मंजूर झाला आणि महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. रेशनचे धान्य, अंगणवाडीतला आहार, आठवीपर्यंतच्या मुलांचे शाळेतले जेवण आणि गरोदर मातांचा आहार हे त्याआधी सरकारी योजनांचे विषय होते. या कायद्याने ते हक्काचे झाले. तो हक्क मिळवून देणारी यंत्रणाही कायद्यातच सांगितली आहे: दक्षता समिती, सामाजिक अंकेक्षण (म्हणजे लोकांनीच केलेली योजनेची तपासणी), जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, राज्य अन्न आयोग. यांपैकी बऱ्याच संस्था कागदावर असतात आणि कोणी लेखी काही मागितल्याशिवाय हलत नाहीत. म्हणून कोणता कागद, कोणत्या टेबलावर, कोणत्या वेळी द्यायचा, हे ग्रामसभेचे सदस्य, महिला बचत गट, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक आणि रेशनच्या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी येथे सांगितले आहे. नियम महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागाला धरून दिले आहेत. मुंबई-ठाण्यात तहसीलदाराच्या जागी शिधावाटप अधिकारी असतो, बाकीचा मार्ग बहुतेक तोच आहे.

आधी यादी, मग तक्रार

बहुतेक लोक तक्रारीपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात, कारण आपण नेमक्या कोणत्या योजनेत आहोत हेच त्यांना ठाऊक नसते. शिधापत्रिकेचा रंग आणि कायद्याखालचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळे कार्ड, १ लाखापर्यंत केशरी आणि त्यावर पांढरे, ही विभागणी जुनी आहे. कायद्याखालचे धान्य मात्र फक्त दोन गटांना मिळते. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला सरसकट ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. प्राधान्य गटासाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये आणि शहरात ५९,००० रुपये आहे. त्यामुळे एकाच गल्लीत दोन केशरी कार्डे असतात. एकावर धान्य मिळते, दुसऱ्यावर मिळत नाही, आणि दुसऱ्या घराला दुकानदारावर संशय येतो. कार्डावर ‘प्राधान्य’ असा शिक्का आहे का, आणि बारा अंकी आरसी नंबर (शिधापत्रिकेचा ऑनलाइन क्रमांक) टाकल्यावर ऑनलाइन नोंदीत कोणती योजना दिसते, हे प्रत्येक घराने आधी पाहावे.

अंत्योदयातल्या मोठ्या कुटुंबांसाठी एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. आठ माणसांच्या अंत्योदय घराला ३५ किलो मिळते आणि तेवढ्याच माणसांच्या प्राधान्य घराला ४० किलो. म्हणजे जे घर कायद्याच्या दृष्टीने सर्वांत गरीब, तेच सातहून अधिक माणसे झाली की तोट्यात जाते. लग्न होऊन वेगळी चूल मांडलेल्या मुलाचे कार्ड विभक्त करून घेणे हाच यावरचा सरळ मार्ग आहे. मात्र नव्या कार्डाला कोणता गट मिळेल, हे अर्ज देण्यापूर्वीच पुरवठा शाखेत विचारून घ्यावे, नाहीतर नवे कार्ड हातात येते आणि त्यावर धान्य मात्र नसते.

असे होण्याचे कारण इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली कमाल संख्या, हे आहे. कायद्याने देशातल्या ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्के लोकांपर्यंत धान्य पोहोचवायचे ठरवले. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण ७६.३२ टक्के आणि शहरी ४५.३४ टक्के आले, आणि २०११ च्या जनगणनेवरून एकूण ७ कोटी १६ हजार लाभार्थ्यांची मर्यादा ठरली. त्यानंतरची जनगणना लांबल्यामुळे हा आकडा तिथेच आहे, माणसे मात्र वाढली आहेत. त्यामुळे ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर तहसील कार्यालयात हमखास ऐकू येते, आणि ते अनेकदा खरेही असते.

यावर गावाच्या हातात असलेला उपाय म्हणजे यादीचे चावडी वाचन. लाभार्थ्यांची नावे आणि दुकानाचे अभिलेख सार्वजनिक असले पाहिजेत, असे कायद्याचे कलम २७ सांगते. त्याचा आधार घेऊन तलाठी किंवा पुरवठा निरीक्षकाकडून दुकाननिहाय यादी मागावी आणि ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. मयत झालेले, लग्न होऊन गेलेल्या मुली, नोकरीला लागून शहरात स्थिरावलेली घरे यांची नावे तिथे सर्वांसमक्ष निघतात. कमी होणारी नावे आणि त्यांच्या जागी घ्यायची नावे एकाच ठरावात लिहावीत. वगळायची नावे आज पाठवली आणि समाविष्ट करायची नावे पुढच्या सभेत पाठवली, तर मोकळी झालेली जागा दुसऱ्याच गावाला जाण्याचा धोका असतो. विधवा, परित्यक्ता, अपंग, भूमिहीन आणि आदिम जमातींची कुटुंबे आधी घ्यावीत, आणि ठरावात नावापुढे कारण लिहावे. कारण नसलेला ठराव शिफारसपत्रासारखा दिसतो आणि फायलीत पडून राहतो.

नवे कार्ड, नाव वाढवणे किंवा कमी करणे ही कामे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतात. प्रत्येक सेवेची मुदत आणि तिचा पदनिर्देशित अधिकारी कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. फलकाचा फोटो काढून ठेवावा. मुदत उलटली की अपील करताना तो उपयोगी पडतो. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीचे नाव असावे, असे कलम १३ म्हणते. अनेक जुन्या कार्डांवर अजून पुरुषाचेच नाव आहे, आणि घरात वाद झाला की धान्य कोणी उचलायचे हा प्रश्न त्यातून निघतो. इतर दुरुस्तीसाठी अर्ज करतानाच हीही दुरुस्ती मागावी.

दुकानात काय पाहावे

१ जानेवारी २०२३ पासून अंत्योदय आणि प्राधान्य दोन्ही गटांना धान्य मोफत आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षे ते तसेच राहील असे केंद्र सरकारने जाहीर केले. त्याआधी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो होते. पैसे द्यायचे नसल्यामुळे पावती मागायची सवय सुटली, हा त्याचा एक अनपेक्षित तोटा. प्रत्यक्षात मोफत धान्यासाठीच पावती अधिक गरजेची आहे, कारण किती मिळायचे होते याचा तोच एकमेव पुरावा आहे.

ई-पॉस, म्हणजे आधारवरून ओळख पटवून वाटपाची नोंद करणाऱ्या दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागला की पावती निघते. तीवर कार्ड क्रमांक, योजना, महिना, धान्यनिहाय किलो आणि रक्कम असते. पाच माणसांच्या प्राधान्य कार्डावर पावती २५ किलोची निघते आणि पिशवीत २३ किलो पडते, हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. दुकानदार ‘वरूनच कट्टे कमी आले’ असे सांगतो. ते कधी खोटे असते, कधी अर्धे खरे. शासकीय गोदामातून द्वारपोच वाहतुकीने आलेल्या कट्ट्यांचे वजन दुकानात उतरवताना झालेच नाही, तर घट कोठे झाली हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून ट्रक येईल त्या दिवशी बचत गटातल्या दोघीजणींनी हजर राहून पाच-दहा कट्टे दुकानातल्याच काट्यावर तोलायला लावावेत आणि आकडे वहीत तारखेसह लिहावेत. दुकानदाराला याचा राग येण्याचे कारण नाही. घट वाटेतच झाली असेल तर ही नोंद त्याच्याच बाजूने उभी राहते.

इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून दरवर्षी पडताळणी होते आणि तिचे प्रमाणपत्र दुकानात लावलेले असावे. दुकानाची वेळ, साप्ताहिक सुट्टी, त्या महिन्याचे धान्य, शिल्लक साठा आणि तक्रारीचा क्रमांक फलकावर हवा. महाराष्ट्रात तक्रारीसाठी १९६७ आणि १८००-२२-४९५० हे निःशुल्क क्रमांक आहेत. दूरध्वनीवरून तक्रार केली तर तिचा नोंदणी क्रमांक विचारून लिहून ठेवावा.

अंगठा लागत नाही म्हणून परत पाठवणे बेकायदेशीर आहे. आधार पडताळणी झाली नाही या कारणाने पात्र कुटुंबाचे धान्य रोखू नये, अशा स्पष्ट सूचना केंद्राने २०१७ मध्येच दिल्या आहेत. बोटांच्या रेषा झिजलेल्या मजुरांना आणि वृद्धांना ही अडचण वारंवार येते. अशा घरांनी डोळ्यांच्या पडताळणीची किंवा मोबाइलवरच्या ओटीपीची सोय मागावी. घरात एकटी वृद्ध व्यक्ती असेल तर नॉमिनीची, म्हणजे तिच्या वतीने धान्य उचलणाऱ्या व्यक्तीची, नोंद करून घ्यावी. घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झाली आहे का, हेही पाहावे. एकाची राहिली की त्याचे पाच किलो अडकतात, आणि ते नेमके कोणामुळे कमी झाले हे पावतीवर शोधावे लागते.

‘या महिन्याचे धान्यच आले नाही’ असे उत्तर मिळाले तर वाद घालण्याऐवजी दोन आकडे विचारावेत: दुकानाचे या महिन्याचे नियतन किती आणि उचल किती. नियतन म्हणजे मंजूर कोटा, उचल म्हणजे गोदामातून प्रत्यक्ष निघालेला माल. हे दोन्ही आकडे पुरवठा शाखेत असतात आणि ई-पॉसच्या सार्वजनिक संकेतस्थळावरही पाहता येतात. नियतन झाले आणि उचल झाली नसेल तर प्रश्न वाहतुकीचा किंवा गोदामाचा आहे. उचल झाली आणि वाटप झाले नसेल तर तो दुकानाचा आहे. तक्रार कोणाविरुद्ध लिहायची, हे इथे ठरते.

कागद कोणत्या टेबलावर

तोंडी तक्रारीला आवक क्रमांक नसतो, आणि आवक क्रमांक नसलेली तक्रार सरकारी कार्यालयाच्या दृष्टीने झालेलीच नसते. अर्ज दोन प्रतींत न्यावा, एकीवर पोहोच घ्यावी. सुरुवात तहसीलदाराकडून, म्हणजे पुरवठा निरीक्षकाच्या टेबलावरून करावी आणि प्रत जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याला द्यावी. अर्जात राग नको, आकडे हवेत. नमुना असा:

‘मी प्राधान्य कुटुंब योजनेची लाभार्थी असून माझ्या कार्डावर पाच सदस्य आहेत. चालू महिन्यात मला २५ किलो धान्य मिळायला हवे होते. दि. … रोजी मी दुकानात गेले असता पावती २५ किलोची निघाली, प्रत्यक्षात २२ किलो धान्य मिळाले. पावतीची छायाप्रत जोडली आहे. कमी पडलेले ३ किलो धान्य, अथवा ते देणे शक्य नसल्यास राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम ८ प्रमाणे अन्नसुरक्षा भत्ता द्यावा आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी कळवावी.’

कलम ८ चा उल्लेख करण्याला अर्थ आहे. हक्काचे धान्य किंवा जेवण मिळाले नाही तर राज्य सरकारने रोख भत्ता द्यायचा आहे आणि त्याचा हिशेब २०१५ च्या नियमांत ठरवून दिला आहे. परंतु त्या महिन्यात तुम्ही धान्य घ्यायला गेलाच नाहीत, असे निघाले तर भत्ता मिळत नाही. म्हणून दुकान बंद असेल तर बंद दाराचा तारखेसह फोटो आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन ठेवाव्यात. भत्ता प्रत्यक्षात फार थोड्यांना मिळतो, हे खरे आहे. तरीही त्याची मागणी लेखी आली की कार्यालयाला ‘धान्य आले नव्हते’ हे कागदावर मान्य करावे लागते, आणि बहुतेक वेळा त्याआधीच धान्य येते.

तहसीलमध्ये दाद लागली नाही तर कलम १५ खाली नेमलेल्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते. आयोगावर अध्यक्ष, पाच सदस्य आणि सदस्य-सचिव असतात. त्यांत किमान दोन स्त्रिया, एक अनुसूचित जातीचा आणि एक अनुसूचित जमातीचा सदस्य हवा. चौकशीसाठी आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याने सुचवलेला दिलासा एखाद्या अधिकाऱ्याने सबळ कारणाशिवाय दिला नाही, तर कलम ३३ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम छोटी आहे, पण तो अधिकाऱ्याला वैयक्तिकरीत्या होतो. म्हणून जिल्हा पातळीवरचा आदेश लेखी मिळवण्यात कसर ठेवू नये. आदेशच नसेल तर दंडाची पायरीच येत नाही.

एकट्याच्या तक्रारीपेक्षा दक्षता समितीच्या पत्राला वजन असते. कलम २९ प्रमाणे राज्य, जिल्हा, तालुका आणि दुकान अशा चार पातळ्यांवर समित्या असायला हव्यात. त्यांत स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी, अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, निराधार आणि अपंग यांना स्थान हवे. २०१५ च्या नियंत्रण आदेशानुसार समितीची बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा व्हावी लागते. गावात समिती आहे का, असे विचारल्यास ‘आहे’ असेच उत्तर मिळते. त्यामुळे ‘मागील चार बैठकांच्या इतिवृत्ताच्या प्रती द्याव्यात’ असा माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. इतिवृत्त नसेल तर बैठकही झाली नाही, आणि मग समिती नव्याने गठित करण्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने पुढे नेता येते. रास्त भाव दुकानांचे परवाने देताना ग्रामपंचायती, बचत गट आणि सहकारी संस्थांना प्राधान्य द्यावे, असेही कलम १२ सांगते. परवाना रद्द झालेल्या दुकानासाठी जाहीर प्रकटन निघते, त्यावर गावातल्या बचत गटाने लक्ष ठेवावे. मात्र भांडवल, जागा आणि रोज दुकान उघडणारी माणसे यांचा हिशेब नीट केल्याशिवाय त्यात उडी घेऊ नये. बंद पडलेल्या बचत गटाच्या दुकानामुळे गावाचे जेवढे नुकसान होते, तेवढे सामान्य दुकानदारामुळे होत नाही.

गाव सोडून जाणाऱ्यांचे धान्य

बीड, जालना, अहिल्यानगरच्या कोरडवाहू भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी कुटुंबे मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या फडावर असतात, काही कर्नाटकात जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून आंतरराज्य पोर्टेबिलिटी (आपल्या कार्डावर दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून धान्य घेण्याची सोय) सुरू झाली आणि आता ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेत देशातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते. कुटुंबाचे धान्य विभागूनही उचलता येते. नवरा-बायको फडावर आणि सासू-मुले गावी असतील तर दोन्हीकडे आपापला वाटा घेता येतो. मात्र दोन्हीकडची बेरीज कार्डावरच्या हक्काइतकीच राहते, हे घरात आधी ठरवावे; नाहीतर महिन्याच्या सुरुवातीला एकाने सगळे उचलले आणि दुसरा रिकामा परतला, असे होते.

निघण्यापूर्वी चार गोष्टी करून घ्याव्यात: सर्वांची ई-केवायसी, कार्डाशी मोबाइल क्रमांकाची जोडणी, बारा अंकी आरसी नंबर कागदावर लिहून सोबत ठेवणे, आणि अंगणवाडी सेविकेकडून माता-बाल संरक्षण कार्ड भरून घेणे. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपवर स्थलांतराची नोंद केली तर दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत आहार मागता येतो. फडाजवळच्या दुकानदाराची अडचणही समजून घ्यावी. त्याचा कोटा नेहमीच्या कार्डांवर बेतलेला असतो आणि अचानक दोनशे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, उतरले की साठा संपतो. त्यामुळे मुकादमाने किंवा स्थानिक कार्यकर्त्याने हंगाम सुरू होताच किती कुटुंबे आली आहेत याची यादी तहसीलदाराला देऊन जादा नियतन मागावे. हे काम कारखान्यानेही करायला हवे, परंतु त्याची वाट पाहू नये. मुलांना सोबत नेण्याऐवजी गावात हंगामी वसतिगृह मागता येते. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीची मागणी दिवाळीआधी शिक्षण विभागाकडे पोहोचली पाहिजे.

अंगणवाडी आणि शाळा

शाळेच्या जेवणाबाबत कायदा बराच नेमका आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. त्यासाठी अनुक्रमे १०० आणि १५० ग्रॅम धान्य ठरले आहे. पालकाने शाळेत जाऊन कॅलरी मोजायच्या नसतात. पटावर ६० मुले, हजर ४८, तर प्राथमिक शाळेत त्या दिवशी ४ किलो ८०० ग्रॅम तांदूळ शिजायला हवा, एवढा हिशेब पुरतो. हजेरीपट, साठा नोंदवही आणि पातेले या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी, न कळवता पाहाव्यात. मुलांना वाढण्यापूर्वी दोन-तीन प्रौढांनी, त्यांत एक शिक्षक, जेवणाची चव घेऊन नोंद करायची असते. चव नोंदवहीत महिनाभर एकाच पेनाने एकाच दिवशी केलेल्या सह्या ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

२०१५ च्या नियमांनुसार धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे जेवण शिजले नाही, तर मुलांना पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा आहे. सलग तीन शालेय दिवस, किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळाले नाही, तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची आहे. त्यामुळे जेवण नसलेल्या दिवसांची यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात तारखांसह यायला हवी. या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, हे शिक्षण हक्क कायद्याने ठरवले आहे; म्हणजे बहुमत पालकांचेच असते. मुख्याध्यापकांशी भांडून काही साधत नाही. अनेकदा इंधन-भाजीपाल्याचे अनुदान उशिरा येते आणि ते स्वतःच्या खिशातून किराणा भरत असतात. थकलेल्या अनुदानाची रक्कम लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणारे समितीचे पत्र त्यांनाही हवेच असते.

आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. तीत गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचे चौरस जेवण आणि बालकांना अंडी किंवा केळी मिळतात. खरेदी गावातल्या आहार समितीच्या हातून होते, हे या योजनेचे बलस्थान आहे. मोठ्या कंत्राटदाराच्या पाकीटबंद आहारापेक्षा गावातली अंडी, गावातल्या शेवग्याच्या शेंगा आणि गावातल्या बायकांचा स्वयंपाक ही व्यवस्था मला अधिक विश्वासाची वाटते. घोटाळा दोन्हीकडे होऊ शकतो, पण इथला घोटाळा गावाला दिसतो. समितीने बिले महिन्यातून एकदा अंगणवाडीच्या भिंतीवर लावावीत. पातेली, वजनकाटा, परसबागेचे कुंपण यांसाठी वेगळा निधी शोधण्याआधी ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा १० टक्के हिस्सा कशावर खर्च झाला, ते विचारावे. मातृत्व लाभाबाबतही लक्ष ठेवावे. कायदा किमान ६,००० रुपये म्हणतो, प्रधानमंत्री मातृवंदना योजना पहिल्या अपत्याला ५,००० देते आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,०००. ही तफावत गावपातळीवर सुटणारी नाही, पण मंजूर हप्ते वेळेवर येतात का, हे पाहणे गावाच्या हातात आहे.

ज्वारी पुन्हा ताटात यावी म्हणून

इथवरचे सगळे न्याय्य वाटपाविषयी झाले. ते धान्य कोठून येते आणि जमिनीचे काय करते, हा प्रश्न तेवढाच मोठा आहे. हमीभावाची भक्कम सरकारी खरेदी वर्षानुवर्षे मुख्यतः गहू-तांदळाचीच होत राहिली. मराठवाड्यातला शेतकरी ज्वारी सोडून सोयाबीन आणि कपाशीकडे गेला आणि त्याच्या घरात रेशनचा गहू आला. जनावरांचा कडबा गेला आणि कमी पाण्यावर येणारे पीकही गेले. कायद्यात भरडधान्याची तरतूद पहिल्या दिवसापासून आहे. तिसऱ्या परिशिष्टात शेतीचे पुनरुज्जीवन आणि विकेंद्रित खरेदी यांचाही उल्लेख आहे. अडचण अंमलबजावणीच्या वेळापत्रकात आहे, आणि गावाने हात घालायचा तो तिथेच.

राज्याने भरडधान्य हमीभावाने खरेदी केले तर ते राज्यातच रेशन किंवा इतर कल्याणकारी योजनांतून वाटावे लागते, आणि खरेदीपूर्वीच खरेदी-वाटपाचा आराखडा केंद्राला द्यावा लागतो. म्हणजे मागणी खरेदीनंतर नोंदवून उपयोग नाही. ‘आमच्या गावातील लाभार्थ्यांना गव्हाच्या काही हिश्श्याऐवजी ज्वारी (किंवा बाजरी, नाचणी) मिळावी’ असा ठराव खरीप ज्वारीसाठी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत व्हावा आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे जावा. एका गावाच्या ठरावाने काही हलत नाही, तालुक्यातल्या वीस-पंचवीस गावांचे ठराव एकत्र गेले तर जिल्ह्याच्या मागणीत आकडा दिसू लागतो. ठरावाआधी महिला सभेत चर्चा करावी. ज्वारी दळून भाकरी थापण्याचे काम ज्यांच्या अंगावर पडते, त्यांचे मत विचारल्याशिवाय केलेला ठराव दुसऱ्याच महिन्यात उलटतो.

पुरवठ्याच्या बाजूने, २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,६९९ रुपये, मालदांडी ज्वारीला ३,७४९, बाजरीला २,७७५ आणि नाचणीला ४,८८६ रुपये हमीभाव जाहीर झाला. खरेदी पणन महासंघ आणि आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ यांच्या केंद्रांवर होते. शेतकऱ्याला ऑनलाइन नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधार, बँक पासबुक आणि ज्वारीची नोंद असलेला सातबारा लागतो, आणि ती नोंद ई-पीक पाहणीतूनच येते. पेरणीनंतर मोबाइलवरून पाहणी केली नाही तर शेतात ज्वारी उभी असूनही कागदावर पड जमीन दिसते, आणि केंद्रावरून परत यावे लागते. मालाची आर्द्रता १४ टक्क्यांच्या आत हवी. खरिपाची संकरित ज्वारी काढणीच्या वेळच्या पावसात काळी पडते आणि नाकारली जाते, त्यामुळे कणसे खुडल्यावर ताडपत्रीवर नीट वाळवून, चाळणी मारून मगच केंद्रावर न्यावी. शेतकरी उत्पादक कंपनीने गावातच चाळणी आणि ओलावामापक ठेवला, तर गाडीभाड्याचा एक फेरा वाचतो.

बियाण्यासाठी दोन कायदे हाताशी आहेत. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा हक्क आहे. जैविक विविधता कायदा, २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. अनेक ठिकाणी ही नोंदवही एखाद्या बाहेरच्या संस्थेकडून एकदा लिहून घेतली गेली आणि कपाटात गेली. ती बाहेर काढून त्यात गावातल्या ज्वारी-बाजरीचे वाण, कडधान्ये आणि रानभाज्या कोणाकडे, कोणत्या महिन्यात, कोठे मिळतात हे लिहावे, आणि ती यादी अंगणवाडीच्या आहार समितीला व शाळेच्या परसबागेला द्यावी. रानभाज्यांच्या नोंदी पावसाळ्यातच कराव्या लागतात, कारण टाकळा आणि कुर्डू पुढे शोधूनही सापडत नाहीत.